‘मावळत्या’ संचालक, प्रीत्यर्थ आणि मानव्यविद्या

अल्पविराम : अमेरिकेतील एका राज्याच्या मानव्यविद्या (ह्युमॅनिटीज) परिषदेचे आवाहनपत्र तेथील मराठी देणगीदारांसाठी मराठीत आणायचे आहे. कार्यकारी संचालक पद सोडत आहेत आणि त्यांना निरोपाची भेटवस्तू नको आहे. त्याऐवजी त्यांच्या सन्मानार्थ परिषदेच्या ‘पब्लिक ह्युमॅनिटीज’ कामाला देणगी द्यावी, असा आशय आहे. मी ‘मावळत्या संचालकांच्या प्रीत्यर्थ’ असे लिहिले, तर मजकूर तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्द खोडले. वाचणाऱ्याला संचालक निवर्तल्या असेच वाटेल, असे त्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

पैलतीर : साहित्य संमेलनाचे मावळते अध्यक्ष नव्या अध्यक्षांकडे सूत्रे सोपवतात, तेव्हा कोणी सुतक पाळत नाही. ‘प्रीत्यर्थ’ हा तर संकल्पातला शब्द आहे. ‘परमेश्वरप्रीत्यर्थम्’ म्हणजे परमेश्वर प्रसन्न व्हावा म्हणून. त्याला मरणाचा वास लागला तो ‘स्मृतिप्रीत्यर्थ’च्या संगतीने. संगतीमुळे बिघडलेला प्रत्येक शब्द आपण टाकून द्यायचा काय?

जुनी वही : टाकू नये, पण देणगीच्या अर्जावर तो चालणार नाही. तेथील अर्जांत हयात व्यक्तीच्या सन्मानार्थ आणि दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ असे दोन निरनिराळे पर्याय असतात, आणि ‘प्रीत्यर्थ’ त्या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहतो. ‘मावळते’ हे विशेषण मला मुदत ठरलेल्या, निवडून दिलेल्या पदाला शोभते असे वाटते. नेमणुकीने आलेली व्यक्ती आपणहून निघते, तेव्हा ‘निरोप घेणाऱ्या’ म्हणावे. ‘कार्यमुक्त’ मात्र कृपया नको, त्याला कार्यालयीन आदेशाचा दर्प आहे.

तिरकस : मला मूळ अडचण ‘मानव्यविद्या’ या शब्दाचीच वाटते. बदामीच्या चालुक्यांच्या लेखांत ‘मानव्यसगोत्र’ असे येते, म्हणजे ‘मानव्य’ हे गोत्राचे नाव झाले. सुटसुटीत ‘मानविकी’ का नको?

पैलतीर : कारण तो हिंदीचा आहे.

तिरकस : मग ‘सांख्यिकी’ कोणाची? शिवाय पाटीलकी, भाऊबंदकी, माणुसकी अशी घरची रांग आपल्याकडे असताना ‘मानविकी’ परकी कशी वाटते, हे मला कळत नाही.

जुनी वही : ‘माणुसकी’वरून एक जुने भांडण आठवले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने तक्रार केली होती की, लोक ‘ह्युमॅनितास’ (‘ह्युमॅनिटीज’चे लॅटिन मूळ) म्हणजे सर्वांविषयीची कणव असे समजतात, परंतु जाणकार लेखकांना त्या शब्दातून ग्रीकांची ‘पायदेइया’, म्हणजे विद्यासंस्कार, अभिप्रेत होती. आपल्या आवाहनपत्रात दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, हे गेलियसला आवडले नसते.

अल्पविराम : चर्चा रंजक आहे, परंतु ‘पब्लिक’चे काय करू? ‘लोकमानव्यविद्या’ म्हटले तर लोककला आणि लोकसाहित्य यांच्या चालीवर भलताच अर्थ निघतो.

पैलतीर : ‘सार्वजनिक’ म्हणावे. १८७० सालच्या सार्वजनिक सभेपासून तो शब्द मराठीत रुळलेला आहे.

जुनी वही : रुळलेला आहे, पण ‘सार्वजनिक मानव्यविद्या’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. कला आणि मानव्यविद्यांविषयीच्या तेथील १९६५ च्या कायद्यानेही केवळ नावावर न थांबता भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, पुरातत्त्व, नीतिशास्त्र अशी यादीच दिली आहे. परिषदा हेच विषय विद्यापीठाबाहेर, ग्रंथालयांतील वाचनगटांत आणि गावोगावच्या व्याख्यानांत नेतात. एप्रिल २०२५ मध्ये त्यांची संघीय अनुदाने रद्द झाली आणि मेलन फाउंडेशन या खासगी देणगीसंस्थेने दीड कोटी डॉलरची तातडीची मदत दिली, तरी ती ५६ परिषदांत वाटली जाणार होती. अशा वेळी देणगी कशासाठी हवी, हे वाचकाला एका वाक्यात कळले पाहिजे. म्हणून ‘इतिहास, साहित्य आणि विचार सर्वांपर्यंत नेणारे काम’ असे उलगडून लिहावे.

तिरकस : ही व्याख्या झाली, शब्द नव्हे. व्याख्येवर पाटी रंगवता येत नाही.

अल्पविराम : ‘निरोप घेणाऱ्या संचालकांच्या सन्मानार्थ’ असे करून, पुढे जुनी वही यांनी सुचवलेले वाक्य घालून मजकूर पाठवला. बाईंनी ‘निरोप घेणाऱ्या’ मान्य केले. ‘विचार’ हा शब्द मात्र फार मोघम आहे म्हणून त्यांनी परत पाठवला आहे, आणि शीर्षकाची जागा अजून रिकामीच आहे.

पैलतीर : शीर्षकात ‘मानव्यविद्या’ घाला. गोत्राचे नंतर पाहू.