घरच्या प्लगवर टियागो ईव्ही: आधी अर्थिंग बघा

साताऱ्यात पेठेतल्या जुन्या घरी १५ अँपिअरच्या प्लगवर टियागो ईव्ही, म्हणजे टाटाची इलेक्ट्रिक गाडी, चार्ज होईल का, असा प्रश्न आहे. होईल, पण गिझरच्या लाईनवर नको. पोर्टेबल चार्जर साधारण १४ अँपिअर ओढतो, तोही २४ किलोवॅट-तासाच्या बॅटरीला सलग आठ-नऊ तास. गिझर अर्ध्या तासात बंद होतो म्हणून ढिला सॉकेट खपून जातो. इथे तोच वितळतो. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायची वेळ आली की लाईन तोडणारा स्विच) घ्या. महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घ्या.

खरी रड अर्थिंगची. सॉकेटच्या न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. चार-पाच व्होल्टच्या वर दिसलं तर चार्जर बहुधा लाल दिवा लावून बसणार, चार्जिंग करणार नाही. सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ जोडून देणारे वायरमन भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. तसं जोडलं आणि सॉकेटच्या मागच्या वायरिंगमध्ये कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर करंट येतो. अर्थिंगसाठी नवा खड्डा घेऊन इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायचा धातूचा रॉड) बसवा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा.

आणि साताऱ्याजवळ वर कासच्या पठारावर मुक्काम असेल तर तिथे १०० टक्के भरून यवतेश्वर घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत रीजन (उतारावर मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरणं) जवळजवळ चालत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ८०-८५ टक्के पुरे.