वारीतले ‘माऊली’ आणि महाद्वारातली पायरी

प्रश्न : पायवाट

गेल्या आषाढात आळंदीहून पंढरपूरपर्यंत एका दिंडीबरोबर चालत गेलो. वाटेत भेटणारा माणूस वयाने, पैशाने, शिक्षणाने कोणीही असो, त्याला ‘माऊली’ म्हणायचे आणि त्याच्या पाया पडायचे, हा रिवाज ऐकून ठाऊक होता; पण सत्तरीची म्हातारी विशीतल्या पोराच्या पायाला हात लावते आणि ते पोर संकोचून तिच्या पाया पडते, हे रोज डोळ्यांनी पाहणे वेगळे. त्याच दिंडीत दुसऱ्या मुक्कामी मला आडनाव विचारले गेले. आडनावावरून उलगडा होईना, तेव्हा गाव विचारले, मग गावातली आळी विचारली.

पंढरपुरात नामदेव पायरीजवळच्या चोखामेळ्याच्या समाधीपाशी बराच वेळ उभा होतो. चौदाव्या शतकातल्या या माणसाला संप्रदायाने संत मानले, त्याचे अभंग कीर्तनात गायिले, मंगळवेढ्याला गावकूस अंगावर कोसळून तो गेला तेव्हा नामदेवांनी त्याच्या अस्थी येथे आणल्या ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली. आणि त्याच्या जातीच्या माणसाला मात्र १९४७ पर्यंत या समाधीच्या पुढे पाऊल टाकू दिले नाही. म्हणून विचारतो : धर्म माणसाचा विचार बदलतो, की विचार बदलल्याचे समाधान देऊन व्यवहार आहे तसा चालू ठेवायला मदत करतो? ‘संत थोर होते’ एवढ्यावर उत्तर थांबू नये, ही विनंती.

प्रतिसाद : टाळकरी

आमच्या घरी चार पिढ्यांची माळ आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. आपल्या प्रश्नात एक गृहीत दडले आहे, ते असे की संतांना समाजरचना बदलायची होती आणि ते त्यांना साधले नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात भक्तीपुढे कुळ, जाती, वर्ण हे सारे निरर्थक ठरवले आहेत; पण त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कर्मे गीतेला धरून निगुतीने समजावलेली आहेत. लिहिणाऱ्याला यात विसंगती वाटली नसावी. देवाकडे जाण्याच्या वाटेवर जात नाही आणि गावात राहण्याच्या रीतीत ती आहे, अशी ती दोन दालने होती.

संतांच्या माथी सामाजिक क्रांतीचे श्रेय किंवा अपश्रेय मारले गेले ते पुष्कळ नंतर. प्रार्थना समाजातल्या न्यायमूर्ती रानड्यांना संतांच्या चळवळीत युरोपातल्या धर्मसुधारणेचे साम्य दिसले, तर इतिहासाचार्य राजवाड्यांना त्याच संतांनी समाज निष्क्रिय केल्याचे दिसले. मला वाटते, दोघांनीही संतांना आपापल्या गाड्याला जुंपले.

तरीही विचारात काहीच बदलले नाही, हे मला मान्य नाही. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, दासी म्हणून राबणारी जनाबाई यांनी देवाशी आपल्या भाषेत, आपल्या धंद्यातल्या शब्दांत आणि आपल्या नावानिशी बोलायला सुरुवात केली. त्या काळात ज्याला पोथी वाचण्याचाही अधिकार नव्हता त्याने ‘मी म्हणतो’ असे म्हणून चरण संपवायचा, ही लहान गोष्ट नव्हे. चोखोबांची बायको सोयराबाई हिचे नाव आज आपल्याला माहीत आहे. तिच्या काळातल्या किती पाटलिणींची नावे माहीत आहेत?

प्रतिसाद : उंबरठा

नाव माहीत आहे, हे खरे. पण त्या नावाने काय म्हटले तेही वाचावे. चोखामेळ्याच्या नावावर असलेल्या एका अभंगात, पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म मिळाला, अशी कबुली आहे. म्हणजे अन्याय सोसणाऱ्यालाच अन्यायाचे कारण स्वतःच्या खात्यावर लिहायला लावणारा कर्मविपाक त्या भक्तीच्या आतच होता, आणि धर्म माणसाच्या विचाराला कुठवर घडवतो याचे याहून कठोर उदाहरण माझ्यापाशी नाही. त्याच घरात मुलगा कर्ममेळा मात्र देवाला थेट विचारतो की आम्हाला या जातीत घातलेस कशाला, उष्टे खाऊन जन्म गेला याची तुला लाज कशी वाटत नाही. एका पिढीचे अंतर, एकच विठ्ठल, आणि दोन वेगळी उत्तरे.

आता विसाव्या शतकात यावे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचे चरण होते, आणि १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. याचा अर्थ संतांची भाषा बोलणे सुरू करायला उपयोगी पडली. नाशिकला २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तो काही वर्षे रेंगाळला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. बौद्ध धम्माची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मधली एकवीस वर्षे पाहिली की लक्षात येते की त्यांनी धर्म या वस्तूलाच नाकारले नाही. माणसाला धर्म लागतो असे ते मानत होते; फक्त तो बुद्धीला पटणारा आणि समतेवर उभा असावा, ही त्यांची अट होती. म्हणून ‘धर्म विचार बदलतो का’ याऐवजी ‘कोणता धर्म, आणि त्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला’ असे विचारलेले मला अधिक बरे वाटेल.

माझ्या आजीने छप्पनसालानंतर घरातले देव नदीत सोडले. जात्यावरच्या ओव्या मात्र तिने सोडल्या नाहीत; चाल तीच ठेवून विठ्ठलाच्या जागी भीमाचे नाव घातले.

प्रतिसाद : कलम

किल्ल्यांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात लिहितो. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपवास आरंभला, तो दहा दिवस चालला. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. दार उघडायला उपवासाचा नैतिक दाब लागला आणि ते उघडे राहायला कायदा लागला, असे मी या घटनांकडे पाहतो. विठ्ठलाचे तेज अस्पृश्यांच्या प्रवेशाआधी मंत्रांनी घागरीतल्या पाण्यात काढून घेण्यात आले, अशी हकिकत सांगितली जाते. श्रद्धा पळवाटही किती कल्पकतेने काढते याचा हा मासलाच.

पुढे १९५६ साली या राज्यात मंदिरप्रवेशाचा आणखी एक कायदा झाला. तो ज्या बहिष्कारासाठी केला होता त्याहून वेगळ्या बहिष्कारासाठी, म्हणजे स्त्रियांच्या प्रवेशासाठी, २०१६ साली शनिशिंगणापूरच्या वादात उपयोगी पडला. पंढरपुरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०१४ चा. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले.

पायवाट

सर्वांचे आभार. मी ‘धर्म’ हा एकच पदार्थ धरून विचारले, ही माझी चूक झाली. बडव्यांचा धर्म, कीर्तनकारांचा धर्म आणि साने गुरुजींचा धर्म एकाच मूर्तीसमोर उभे होते आणि परस्परांच्या विरुद्ध होते. टाळकरी यांची दोन दालने मला पटतात, पण समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत जातीनुसार पंगती वेगळ्या होत्या. म्हणजे ‘गावातले’ दालन वाटेवरही बरोबर चालत होते. आमच्या दिंडीत पंगत एकच होती. आळी मात्र विचारली गेली, आणि विचारणारा माणूस मनाने वाईट नव्हता. त्यानेच पुढे तीन दिवस माझ्या पायाला तेल चोळले.

उंबरठा यांना एक विचारायचे आहे. आजींच्या त्या ओव्या कोणी लिहून ठेवल्या आहेत का?

उंबरठा

नाहीत. आत्याला काही पाठ आहेत, पण ती जात्याशिवाय म्हणत नाही आणि जाते आता दाराशी पालथे पडले आहे. दिवाळीत गावी जाईन तेव्हा ते सरळ करून पाहतो.