ओक वृक्षांचं नाव, टस्कलूसासाठी मदत

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या अलाबामा आणि ऑबर्न या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचं वैर हाडीमांसी भिनलेलं, संकटातही ते सुटत नाही. मला हे पटत नाही. २७ एप्रिल २०११ ला अलाबामा विद्यापीठाचं गाव टस्कलूसा टॉर्नेडोने उद्ध्वस्त झालं, विद्यापीठाचे ६ विद्यार्थी गेले. त्याआधी सुमारे दोन महिन्यांपूर्वी ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नर या चौकातल्या जुन्या ओक वृक्षांना अलाबामाच्या एका चाहत्याने विष घातल्याचं उघड झालं होतं. सामना जिंकला की ऑबर्नचे लोक आनंदाने याच झाडांवर टॉयलेट पेपरच्या पट्ट्या भिरकावायचे. एवढी जखम ओली असताना ऑबर्नच्याच चाहत्यांनी फेसबुकवर ‘टूमर्स फॉर टस्कलूसा’ सुरू करून मदत गोळा केली. नाव त्याच झाडांच्या चौकाचं ठेवलं, यातच सगळं आलं.

मी तेव्हा अलाबामातल्या बर्मिंगहॅमला होतो. एका चर्चच्या आवारात पाण्याच्या बाटल्या उतरवताना शेजारी केशरी टोपीतले एक काका होते, ऑबर्नचे. अलाबामाच्या गडद लाल रंगाच्या शर्टातल्या एका आजींना त्यांनी छपरासाठी निळी ताडपत्री दिली, गाडीत नीट घडी करून ठेवली. आजींनी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.