करार हाती असताना संघ अडून बसलेल्या खेळाडूशी बोलणी का करतो?

नवा प्रेक्षक (प्रश्न):
२०२३ च्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) मोसमात कॅन्सस सिटी चीफ्सचा बचावपटू ख्रिस जोन्स नव्या कराराच्या मागणीसाठी पहिल्या सामन्याला आलाच नाही. चीफ्स तो सामना डेट्रॉइट लायन्सविरुद्ध २१-२० असा हरले आणि काही दिवसांतच तडजोड झाली. खेळाडूने सही केलेला करार हाती असताना संघ दंड लावून स्वस्थ का बसत नाही? एकाचे ऐकले तर उद्या दहा जण दारात उभे राहतील, अशी भीती व्यवस्थापनाला वाटत नाही का?

आकडेमोड:
करार दोन्ही बाजूंना सारखाच बांधतो, हे गृहीतकच येथे टिकत नाही. बहुतेक करारांत हमी दिलेली रक्कम तेवढी पक्की असते. उरलेल्या वर्षांचा पगार संघ खेळाडूला मुक्त करून वाचवू शकतो, आणि दरवर्षी अनेकांच्या बाबतीत तसे घडतेही. त्यामुळे ऐन भरात असलेला खेळाडू अडून बसला, तर त्याला लगेच वचनभंग म्हणणे मला एकतर्फी वाटते.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२० च्या सामूहिक करारानुसार, सराव शिबिराला गैरहजर राहणाऱ्या अनुभवी खेळाडूला दिवसाला ५०,००० डॉलर दंड होतो आणि तो माफ करण्याची मुभा संघालाही नाही. पदार्पणाच्या, म्हणजे लीगमधल्या पहिल्या करारावर असलेल्यांना ४०,००० डॉलर दंड होतो. तो मात्र माफ करता येतो.

दारातल्या रांगेबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, पण तिला आवर घालते ती पगारमर्यादा, म्हणजे संघाने सर्व खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. २०२५ मध्ये ती प्रत्येक संघासाठी २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटतो, म्हणून कोणाला कोणत्या वर्षी वाढ द्यायची हे संघ मागणी येण्याच्या कितीतरी आधी ठरवू पाहतात.

जुना प्रेक्षक:
दंडापेक्षा पर्यायी खेळाडू कसा आहे, यावर सारे अवलंबून असते. १९९३ मध्ये एमिट स्मिथ करारासाठी बाहेर बसला, डॅलस काउबॉइज पहिले दोन्ही सामने हरले आणि मालक जेरी जोन्स यांनी चार वर्षांसाठी १ कोटी ३६ लाख डॉलर मोजले. त्या मोसमाचा आणि अंतिम सामन्याचाही सर्वोत्तम खेळाडू स्मिथच ठरला.

उलट २०१८ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सच्या लेव्हियन बेलने फ्रँचायझी टॅगखालील (करार संपलेल्या खेळाडूला एक वर्ष संघाकडेच राखून ठेवण्याचा हक्क) सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरच्या करारावर सहीच केली नाही आणि पूर्ण मोसम घरी बसून काढला. (सही नसल्याने त्याला दंडही लागू नव्हता.) त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरने ९७३ यार्ड धावून काढल्यावर संघाला नमते घेण्याचे कारणच उरले नाही. स्टीलर्स बाद फेरीत पोहोचले नाहीत हे खरे, पण त्याचे खापर कोणी कॉनरवर फोडले नाही.

मैदानाबाहेर:
वरील दोन्ही उदाहरणे आता काहीशी जुनी झाली आहेत. दंड माफ होत नाही म्हटल्यावर खेळाडूंनी वेगळी वाट काढली: शिबिराला हजर राहायचे, बैठकांना बसायचे, पण सराव करायचा नाही. २०२१ मध्ये टी. जे. वॉटने हेच केले आणि मोसमाच्या तोंडावर स्टीलर्सने त्याला चार वर्षांसाठी ११ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. मोसम सुरू झाल्यावर बोलणी न करण्याचा त्या संघाचा शिरस्ता आहे. त्यामुळे ती तारीख दोघांच्याही डोक्यावर टांगलेली होती.

बोलणी फिसकटली तर संघाकडे अदलाबदलीचा मार्गही असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डॅलसने बचावपटू मायका पार्सन्सला ग्रीन बे संघाकडे पाठवून ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीतील दोन निवडी आणि बचावपटू केनी क्लार्क मिळवले. पार्सन्सला हवा तो करार ग्रीन बेने दिला. माझ्या मते डॅलसने बोलणी वर्षभर आधी उरकली असती, तर तोच खेळाडू कमी पैशांत राहिला असता.

नवा प्रेक्षक:
आभारी आहे. मग पदार्पणाच्या करारावरील तरुण खेळाडू सरसकट असे का करत नाहीत?

आकडेमोड:
पहिली तीन वर्षे ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूच्या करारात वाढ करता येत नाही. शिवाय मोसमाच्या पहिल्या सामन्याच्या ३० दिवस आधी तो हजर झाला नाही, तर ते वर्ष त्याच्या सेवाकाळात धरले जात नाही, आणि पूर्णपणे मुक्त होण्यासाठी तशी चार वर्षे लागतात.