सिम्पसन-न्यूटन हाताने लिहून घ्यायचे, की सरळ तयार प्रोग्रामांची लायब्ररी शिकवायची?

पऱ्हाटी: यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात मी बीएस्सीला गणित शिकवते. वक्राखालचं क्षेत्रफळ काढणारे ट्रॅपेझॉइडल आणि सिम्पसन, समीकरणाची उत्तरं शोधणारे बायसेक्शन आणि न्यूटन-रॅफसन, हे चारही प्रोग्राम मुलांनी स्वतः लिहावेत, असा माझा आग्रह आहे. स्टाफरूमचं म्हणणं, पायथनमध्ये एका ओळीत उत्तर येतं, मग लूप कशाला घासायचे? मत सांगा, पण कारणासकट.

नागपूरवाला: ताई, स्टाफरूमचं बरोबर आहे. कंपनीत कुणी स्वतःचा सिम्पसन लिहिला तर तो कोड रिव्ह्यूतूनच परत येतो. सायपाय या पायथन लायब्ररीत क्षेत्रफळ काढणारं क्वाड नावाचं फंक्शन आहे, त्यामागे क्वाडपॅक हा प्रोग्रामसंच आहे, मूळ फोरट्रान या जुन्या भाषेतला, चाळीस वर्षं वापरून पारखलेला. आपल्याकडे लाईट गेली की लॅब बंद. जे तास हाती उरतात त्यांत डेटा हाताळायला शिकवा, त्यावर नोकरी मिळते.

बांधावरून: मी शेततळ्यांची मापं घेतो. 30 बाय 30 मीटर, खोली 3, उतार एकास एक, म्हणजे तळ 24 बाय 24. वरचं क्षेत्रफळ 900, तळाचं 576. सरासरी काढून खोलीने गुणलं, म्हणजे ट्रॅपेझॉइडलच, तर 2214 घनमीटर. मधला छेद 27 बाय 27, त्याचे 729. त्याला चारपट वजन देऊन सिम्पसन लावला तर 2196, आणि हेच बिनचूक. कारण क्षेत्रफळाच्या सूत्रात खोलीचा वर्ग येतो आणि सिम्पसन तिसऱ्या घातापर्यंत अचूक असतो. फरक 18 घनमीटरचा, म्हणजे 18,000 लिटर. खोदाईचा हिशेब घनमीटरवरच होतो, तेव्हा कुठला नियम लावला हे पोराला कळायलाच पाहिजे.

नागपूरवाला: भाऊ, याला कागद-पेन पुरे. आणि क्वाडही 2196 च देईल.

पऱ्हाटी: इथे देईल. पण त्याच क्वाडला ई चा उणे क्ष-वर्गावा घात उणे 10000 ते 10000 या पट्ट्यात देऊन बघा. खरं उत्तर पायचं वर्गमूळ, सुमारे 1.772. क्वाड जवळपास शून्य सांगतं, वर उत्तरात किती चूक असेल याचा अंदाजही शून्यच! पट्टा मधोमध चिरला की ती अरुंद टेकडी नेमकी काठावर येते आणि एकही तपासबिंदू तिच्यावर पडत नाही. ज्या मुलीने स्वतः पट्ट्या पाडून बेरीज केली आहे, तिला हे उत्तर पाहून लगेच शंका येईल.

मागच्या बाकावरचा: मॅडम, आमच्या बॅचनंही चारही प्रोग्राम लिहिले होते. अर्ध्या पोट्ट्यायनं मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवले, अन् व्हायवात कोणाले काही विचारलं नाही. असं लिहून काय फायदा? बिघडणारं उदाहरण द्या ना. क्ष-घन उणे 2क्ष अधिक 2, न्यूटनची सुरुवात शून्यापासून. 0 चा 1, 1 चा पुन्हा 0, लूप थांबतच नाही. आवर्तनांवर मर्यादा कायले लागते, ते तिथं समजते.

नागपूरवाला: हे पटलं. मग चार नको, बायसेक्शन एकच लिहून घ्या. पट्ट्याच्या दोन टोकांना येणाऱ्या किमतींची चिन्हं उलटी, पट्टा दर वेळी निम्मा, वीस वेळा केलं की दहा लाखाव्या भागाहूनही लहान. बाकी तीन लायब्ररीतून.

पऱ्हाटी: सिम्पसन मी सोडणार नाही. शेततळ्याचंच गणित देते, पण बांधाला वाकडी कड असलेलं, म्हणजे जर्नलातून उतरवता येणार नाही.