बडोद्यातील बालपण: तुम्ही मनातल्या मनात कोणत्या भाषेत मोजता?

रावपुऱ्यातला

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातीला घेऊन मी खंडेराव मार्केटमध्ये भाजीला गेलो होतो. सात रुपयांना एक या भावाने सहा लिंबे घेतली आणि पैसे काढताना मी काहीतरी पुटपुटलो, ते तिने नेमके ऐकले. "आजोबा, छक म्हणजे काय?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की जन्मभर घरात मराठी बोलूनही हिशेब मात्र मी 'सात छक बेताळीस' असाच करत आलो आहे.

वास्तविक आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती झाले की वडील पाढे म्हणवून घेत आणि ते अर्थातच मराठीत. शाळा गुजराती माध्यमाची असल्यामुळे 'सात सक बेचाळीस'च्या जागी माझ्या तोंडून हटकून 'छक' निघे आणि मग वडील 'सात एके सात'पासून पुन्हा सुरुवात करायला लावत. इतके घोटवूनही शेवटी शाळेचाच पाढा टिकला. वर्गातली सगळी मुले एका सुरात, डोलत डोलत पाढे म्हणत. घरी मी एकटाच भिंतीला टेकून उभा असे. त्याचाच हा परिणाम असावा.

घोळ पाढ्यांपुरताच नव्हता. गुजरातीत इयत्तेला 'धोरण' म्हणतात. पुण्याच्या काकांना मी पोस्टकार्ड लिहिले होते की मी पाचव्या धोरणात पहिला आलो. त्यावर काकांचे उत्तर आले, "अभिनंदन. आधीची चार धोरणे कोणती होती, तेही कळव." ते कार्ड घरात कित्येक दिवस हातोहाती फिरत होते आणि मला मात्र त्यात हसण्यासारखे काय आहे, ते कळत नव्हते.

बडोद्यात वाढलेल्या इतर मंडळींच्या घरी, शाळेत आणि मित्रांमध्ये या दोन भाषांची वाटणी कशी झाली होती, हे जाणून घ्यायला आवडेल.

दांडियाबाजारकर

आपला अनुभव सर्वांचा समजू नये, अशी विनंती. मी मराठी शाळेत शिकले आणि आजही 'सक' असेच म्हणते. आमची अडचण अक्षरांची होती. वरच्या वर्गात गुजराती विषय सुरू झाला. इ, क, ज, झ यांची वळणे निराळी असतात, ती सरावाने बसली. परंतु गुजराती अक्षरांवर शिरोरेषा नसते, हे हाताला काही केल्या पटेना. अक्षर लिहून झाले की पेन आपोआप वर जाऊन रेघ ओढत असे. गुजरातीच्या बाई प्रत्येक शब्दावरची रेघ लाल शाईने खोडत. शेवटी महिन्याभराने ती सवय मोडली, पण ती इतकी मोडली की मराठीच्या निबंधातलीही शिरोरेषा नाहीशी झाली आणि मराठीच्या बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतले.

आमच्या घरात भाषेची वाटणी जिन्यावरून ठरत असे. खाली मराठी आणि गच्चीवर गुजराती. उत्तरायणाला, म्हणजे चौदा जानेवारीला, आम्ही भावंडे आणि शेजारची मुले बोटांना मांजा कापू नये म्हणून चिकटपट्ट्या गुंडाळून पहाटेच गच्चीवर जात असू. कुणाची पतंग कापली की सगळ्यांच्या तोंडून एकच आरोळी निघे, "काप्यो छे!" खालून आई हळदीकुंकवाच्या गडबडीत "तिळगूळ घ्यायला खाली या रे" अशा हाका मारत असे आणि वरून उत्तर जात असे ते "आवुं छुं!" आईला गुजरातीत उत्तर दिलेले मुळीच चालत नसे. वर्षातून तो एकच दिवस तिने आम्हाला माफ केला होता.

मामाच्या_गावाला

मी सातारची आहे. परंतु लहानपणीच्या सर्व उन्हाळी सुट्ट्या बडोद्याला मामाकडे गेल्या असल्यामुळे येथे लिहिण्याचे धाडस करत आहे.

तेव्हा मी सायकल शिकत होते. शेजारच्या मासी ओटल्यावर बसून धान्य निवडत असत आणि मला पाहिले की विचारत, "जमी लीधुं?" मला वाटे, सायकल जमली का, असे त्या विचारत आहेत. मी खरे तेच सांगे, "नाही." लगेच त्या मला आत नेऊन पाटावर बसवत आणि ताटात गव्हाची खुसखुशीत भाखरी, बटाट्याचे शाक आणि छुंदा वाढत. मामीकडे नुकतीच पोटभर जेवून आलेली मी संकोचाने तेही संपवत असे. हा प्रकार आठवडाभर चालला. अखेर मासींनीच मामीला विचारले, की तुम्ही या मुलीला जेवायला घालत नाही काय? मग मामीने मला समजावले की गुजरातीत 'जमणे' म्हणजे जेवणे.

दुसरी फजिती वाण्याकडची. मामीने दिलेल्या यादीत 'गूळ प' असे लिहिले होते. मी वाण्याला तो 'प' तसाच वाचून दाखवला. गुजराती पाचाचा आकडा आपल्या 'प'सारखा दिसतो आणि बडोद्याच्या मराठी घरांत यादी देवनागरीत व आकडे गुजराती, असे सर्रास चालते, हे मला कोण सांगणार? वाण्याने मात्र काहीही न विचारता पाच किलो गूळ बांधून दिला.

विश्वामित्रीकाठचा

'धोरणा'चा किस्सा वाचून आजीची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेलीच्या भागात सुरू केले आणि 1906 मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केले. मुलाला शाळेत न पाठवल्यास पालकांना दंड होत असे. त्या दंडाच्या धाकानेच आपल्याला शाळेत घातले, असे आजी अभिमानाने सांगत असे. ती मराठी शाळेत शिकली, वडील मराठी आणि गुजराती अशा दोन्ही शाळांत आणि मी केवळ गुजराती शाळेत. एकाच वाड्यात, एकाच चुलीवर वाढलेल्या तीन पिढ्यांचे पाढे असे निरनिराळे होते. महाराज स्वतः नाशिककडच्या कवळाण्याहून 1875 मध्ये दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांनाही येथे येऊन मराठीबरोबर गुजराती शिकावी लागली होती, तेव्हा आपण अगदीच वाईट संगतीत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मी हिशेब गुजरातीत करतो, शिव्याही गुजरातीत देतो. मात्र ठेच लागली की "आई गं" असेच तोंडून निघते.

रावपुऱ्यातला

सर्वांचे आभार. नातीला हे सगळे वाचून दाखवले. गुळाच्या प्रसंगावर ती खूप हसली आणि आता घरात कशाचेही पाच नग हवे असले की "आजोबा, प बिस्किटे द्या" असे म्हणते. काल संध्याकाळी तिला साताचा पाढा शिकवायला बसलो होतो. सक म्हणायचे असे मनाशी अगदी पक्के ठरवले होते. सात पंचे पस्तीसपर्यंत नीट गेलो.