सोसायटीत ई-कचरा गोळा करायचाय: पोस्टर आणि पेटी कशी असावी?

शाईदौत
पुण्यातली २४० फ्लॅटची सोसायटी. १४ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिनापासून, पंधरा दिवस संकलन ठरलंय. पोस्टरचा कच्चा आराखडा असा: पृथ्वीचं चित्र, पुनर्वापराचे तीन बाण आणि ‘पर्यावरण वाचवा’. ए३ आकारात, लिफ्टमध्ये आणि फाटकापाशी लावू. पेटी म्हणून निळा ड्रम आहे. एवढ्याने लोक कपाटातले जुने फोन आणून देतील का?

खडूफळा
पृथ्वी आणि बाण दोन्ही काढा. बाण पाण्याच्या बाटलीवरही असतात. त्यावरून काय आणायचं ते कळत नाही. त्याऐवजी घरोघरी खणात पडलेल्या वस्तूंचा फोटो लावा: पिन तुटलेला चार्जर, गुंता झालेले इअरफोन, बटणांचा फोन, रिमोट. पांढऱ्या कागदावर मांडून, खिडकीच्या उजेडात, बरोबर वरून काढा. पाच-सहा वस्तू पुरेत, जास्त झाल्या की लांबून नुसता ढीग दिसतो.

मथळा ‘बंद पडलेला चार्जर इथे टाका’ असा सरळ ठेवा. त्याखाली जागा आणि तारखा. फाटकाजवळ तीन मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर अडीच सेंटीमीटर उंच हवं, लिफ्टमध्ये त्याच्या निम्मं चालेल. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात, म्हणून ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. मथळ्याला बालू, मजकुराला मुक्ता. दोन्ही फाँट मोफत आहेत.

आणि निळा ड्रम अजिबात नको. निळा म्हणजे सुका कचरा हे लोकांच्या अंगवळणी पडलंय, दोन दिवसांत त्यात दुधाच्या पिशव्या येतील.

सोल्डर
पेटी पत्र्याची, कुलपाची. फट २० बाय ८ सेंटीमीटर, म्हणजे फोन जाईल पण पिशवीभर कचरा जाणार नाही. खोली ४० सेंटीमीटरच्या वर नको आणि तळाला जाड पुठ्ठा घाला. उंचावरून पडून लिथियम बॅटरी चेपली की आतले थर एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतो आणि आग लागू शकते. त्यामुळे पेटी स्कूटरच्या पार्किंगमध्ये किंवा उन्हात ठेवू नका. वॉचमनच्या नजरेसमोर, आडोशाला ठेवा.

फुगलेली बॅटरी पेटीत टाकायची नाही. त्यासाठी कोरड्या वाळूचा पत्र्याचा डबा वेगळा, मोकळ्या हवेत. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फोनमध्ये चिकटवलेली बॅटरी घरी उचकटू नये. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो, त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वेगळ्या घ्या.

फोन घरात अडकून राहतात ते बऱ्याचदा आतल्या फोटोंच्या आणि बँकेच्या धास्तीने. म्हणून पोस्टरवर ही ओळ ठळक हवी: आधी गूगल किंवा आयक्लाउड खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट, शेवटी सिम आणि मेमरी कार्ड बाहेर. खातं न काढता रीसेट केला तर फोन दुसऱ्याला उघडत नाही, आणि दुरुस्त होण्याजोगा फोनही तोडायला जातो. हार्ड डिस्कला ड्रिलने भोक पाडलं तर चालतं. फोनला भोक कधीही पाडू नका, आत बॅटरी असते.

मापाडी
फ्रिज, एसी पोस्टरवर घालू नका. त्यांचे भंगारवाला रोख पैसे देतो, तुमच्याकडे फुकट कोण देणार? चार्जर-वायरींना कोणी विचारत नाही, तेच मागा.

ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. माल नेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक घ्या आणि गाडी ठरवण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ताडून पाहा. हे टाळलंत तर तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्यांकडे आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड तेजाबात बुडवणाऱ्यांकडे माल जाऊ शकतो. मग एवढं पोस्टर करून उलटा घात.

आपण दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं हे लोकांना दिसायला हवं. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून घडवली. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन उपकरणं जमली, त्यांत ६२ लाखांवर मोबाइल. त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य निघालं. तिथे लोकांना आपल्या फोनचं पदक होणार हे ठाऊक होतं. तुमच्याकडे वजनाची पावती असेल. दर रविवारी पेटी तोलून आकडा फळ्यावर लिहा आणि शेवटी पावतीचा फोटो त्याच जागी चिकटवा.

शाईदौत
निळा ड्रम रद्द. चार घरी जुने डबा टीव्ही आहेत आणि भंगारवाला ते घेत नाही. त्यांचं काय करू?

सोल्डर
पोस्टरखाली नाव आणि फ्लॅट क्रमांक लिहायला कागद लावा, शेवटच्या दिवशी गाडी आली की थेट घरातून उचला. टीव्ही जिन्यात ठेवू नका: मागची काचेची मान नाजूक असते आणि नळीच्या काचेत शिसं असतं. उचलताना पडदा छातीकडे, वजन त्याच बाजूला असतं. दोन माणसं हवीत.